आईच्या हातातलं तबक

आई गेल्यावर तिच्या खोलीतलं सामान आवरायला माझी सून मदतीला आली होती. माळ्यावरून पितळेचं तबक निघालं, काठाला पोचा आलेलं, मध्ये झिजून गेलेला मोर. ती म्हणाली, "मम्मी, हे किती जगह घेरतं. आता कोण वापरतं असं? भंगारवाल्याला देऊन टाकू ना?" मी म्हटलं, "नाही, ते मला दे." तिनं ते पुसून माझ्या हातात दिलं, आणि मी ते दोन्ही हातांनी धरलं. एका हातानं धरताच येत नाही इतकं ते जड आहे. त्या वजनामुळेच माझ्या आईच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं गप्प गेली. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही. आता आई नाही, माई तर केव्हाच गेल्या, आणि मला वाईट म्हणायचं झालं तर म्हणू शकणारं माणूसही फारसं उरलं नाही. तेव्हा लिहिते. क्षमेची गोष्ट वाचायला मिळेल अशा अपेक्षेनं कुणी हे प्रकरण वाचत असेल, तर त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

माझी आई ऐकू शकत नव्हती. तान्हेपणी आलेल्या तापात तिचे कान गेले आणि त्यामुळे बोलणं कधी आलंच नाही. ती मानपुरची. तिच्या भावाचं, वसंतमामांचं, तिथं हायवेवर टायरचं दुकान होतं. इंदूरला माझे वडील, दादा, मिलच्या ऑफिसात कारकून होते, आणि त्यांच्या घरात त्यांची थोरली बहीण राहत असे, जिला सगळी गल्ली माई म्हणे. मीही माईच म्हणत असे. माई बेटम्याला दिलेल्या होत्या. यजमान लवकर गेले, सासरच्यांनी त्यांना मागच्या पडवीत गुरांच्या शेजारी झोपायला जागा दिली, आणि एक दिवस एक ट्रंक घेऊन त्या बसनं माहेरी, लहान भावाकडे निघून आल्या. त्यांनी भावाला वाढवलं, शिकवलं, आणि त्याचं लग्नही त्यांनीच ठरवलं. मुकी-बहिरी भावजय आणली म्हणून लोक माईंच्या मोठ्या मनाचं कौतुक करत. माझ्या लहानपणी हे कौतुक मी इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटे. आज मी म्हणते, बोलणारी भावजय त्यांना परवडली नसती.

आमचं घर वरच्या मजल्यावर होतं, फळ्यांच्या जमिनीचं, आणि बहिऱ्या बाईचं घर असूनही, किंवा म्हणूनच, ते फार आवाजाचं होतं. आईला बोलवायचं म्हणजे पाय आपटायचा. फळ्यांतून तो धक्का तिच्या तळव्यांना कळे आणि ती वळून बघे. खालच्या मजल्यावरच्या भाभी जिन्यातून ओरडत, "अरे, कई हुई रियो है ऊपर? छत गिराओगे क्या?" आईच्या हातून भांडी दणादण पडत, कारण आपण आवाज करतो हेच तिला ठाऊक नव्हतं. ती हसली की तिच्या गळ्यातून एक उंच, उघडा आवाज निघे आणि माई लगेच तिच्या खांद्यावर चापट मारत, "लोकं ऐकतायत." मिलचा भोंगा झाला की आई भिंतीला तळवा लावून उभी राहायची. भिंत थरथरायची. मग ती पोह्यांची कढई उतरवून त्यावर जिरावनचा मसाला भुरभुरायची आणि चष्मा नीट केल्याची खूण करायची. चष्मा म्हणजे दादा. दादा आत्ता निघाले, पोहोचतीलच.

प्रत्येक माणसाला तिनं असं एक नाव दिलं होतं. मी म्हणजे कानाची पाळी, कारण मला ऐकू येत असे आणि मी जन्मल्यावर तिनं पहिल्यांदा तेच तपासून पाहिलं होतं. माई म्हणजे कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा, बोटांनी हलवून दाखवलेला. मानपुर म्हणजे ट्रकचं स्टिअरिंग. आणि जमिनीवर तळवा दोनदा थोपटला की त्याचा अर्थ 'इथेच', 'माझ्या घरात'. ही भाषा तिची स्वतःची होती. कुठल्या शाळेत शिकलेली नव्हती, आणि आमच्या घराबाहेर ती कुणालाच कळत नव्हती. घरातसुद्धा दादांना ती अर्धीमुर्धीच येई. ते भात, पाणी, ऑफिस, उद्या एवढ्यावर भागवत आणि पुढचं अडलं की माईंकडे बघत. मला ती जन्मापासून येत होती, पण लहान मुलीला कोण विचारतं?

एक गोष्ट मान्य करायला हवी. माईंना आईची भाषा फार चांगली येत होती. आईच्या भुवया किती वर गेल्या, हात छातीपासून निघाला की पोटापासून, यातला फरक त्यांना दादांपेक्षा कितीतरी जास्त कळे. चुकून उलट अर्थ लावला, असं म्हणायची सोय त्यांनी माझ्यासाठी ठेवलेली नाही. दिवाळीला दादा विचारत, "हिला काय आणू?" आई हिरव्या भाजीकडे बोट दाखवून खांद्यावरून पदर घेतल्याची खूण करी. हिरवी साडी. माई म्हणत, "काही नको म्हणते. आहेत तेवढ्या बस झाल्या." दादा समाधानानं मान हलवत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "बघ कुमुद, शिक आईकडून. काही मागत नाही बिचारी." मला वाटायचं, मोठ्यांच्या मराठीत हिरव्या साडीला असंच म्हणत असतील. खरंच असं वाटायचं. मुलं भाषा शिकतात तेव्हा त्यांना खोटं वेगळं ओळखता येत नाही, तेही ती शब्द म्हणूनच शिकतात.

आणि पाहुणे आले की तबक. माई आतून ते घेऊन येत, त्यात सुपारी, लवंगा, बडीशेप यांच्या वाट्या मांडलेल्या, आणि आईच्या हातात ठेवत. "फिरव." आई ते घेऊन पाहुण्यांसमोरून फिरे आणि मग दाराजवळ ते धरून उभी राही, कारण माईंनी डोळ्यांनी सांगेपर्यंत ते खाली ठेवायचं नसे. लोक म्हणत, "किती शांत आहे हो तुमची भावजय." तिचे दोन्ही हात तबकात अडकलेले असत. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात ठेवला तर चारचौघांत ते दिसतं. इथे कुणाला काहीच दिसत नव्हतं, फक्त एक सुरेख लखलखीत तबक दिसत होतं.

मी शाळेत जायला लागले होते तेव्हाची गोष्ट. दादांच्या ओळखीनं एक बाई घरी आल्या. त्या बहिऱ्या मुलांना शिकवत आणि दुपारी मोठ्या बायकांचाही एक छोटा वर्ग घेत. त्यांनी पिशवीतून चित्रांची कार्डं काढली, खाली अक्षरं लिहिलेली, आणि पत्ते वाटावे तशी एकेक आईसमोर मांडली. कप. घर. मासा. आईनं 'घर'चं कार्ड उचललं, चित्रावर बोट ठेवलं, मग अक्षरांवर, मग चित्रावर, आणि तिच्या गळ्यातून तो उंच आवाज निघाला. माईंनी त्या दिवशी तबक आणलं नव्हतं. एक बाई येणार, तिला काय तबक, असं वाटलं असावं. आईचे हात मोकळे होते आणि ती भराभर विचारत होती: मी लिहू? उद्या? कुठे येऊ? बाईंनी माईंकडे पाहिलं. "काय म्हणतायत?" माई शांतपणे म्हणाल्या, "म्हणते, आता या वयात काय डोंबल शिकू. घरातलं कोण करेल? तुम्ही उगाच त्रास घेतलात." बाईंनी कार्डं गोळा केली. चहा घेतला. जाताना त्यांनी आईच्या गालाला हात लावला, आणि आईनं तो हात धरून मान हलवली, हो, हो, हो.

त्यानंतर बरेच दिवस दुपारी आई चांगली साडी नेसून, वेणी घालून दाराशी बसलेली असे. शाळेतून येताना मला ती जिन्यातूनच दिसायची. मला वाटायचं, ती माझी वाट बघते. मग कधीतरी ते बंद झालं.

मी वाढले ती पुस्तकांत. खजुरी बाजारातून दादा जुनी पुस्तकं आणत, मी खिडकीत बसून वाचत असे, आणि माई माझ्या डोक्याला तेल घालताना गोष्टी सांगत. त्यांचा आवाज फार गोड होता, गल्लीतलं भजन त्यांच्याशिवाय सुरू होत नसे. माझ्यावर त्यांचा जीव होता, हेही लिहून ठेवते, त्यानं माझ्या मनात काही कमी होत नाही. एकदा केस विंचरताना त्या म्हणाल्या, "कुमे, मेले तरी त्या बेटम्यात पाय ठेवणार नाही मी. पडवीत झोपले होते गं, शेणाच्या वासात." मी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं होतं. ते वाक्य मी विसरले नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना दादा ऑफिसातच खुर्चीवर गेले. तेराव्याला शिऱ्याचं जेवण झालं, पुरुष मंडळी पुढच्या खोलीत सतरंजीवर बसली. मानपुरहून वसंतमामा आले होते, बेटम्याहून माईंचा पुतण्या श्रीधर, गल्लीतले दोन-चार जाणते. पुढं काय, हा विषय निघाला. कुमुद इथं माईंजवळ राहून शिकेल, यावर सगळ्यांचं एकमत होतं. प्रश्न आईचा होता.

मामा अवघडून म्हणाले, "माई, ताईला मी घेऊन जाईन, मना नाही माझी. पण तिला काय पाहिजे ते विचारा ना एकदा. जबरदस्ती नको, मतलब नंतर रडारड नको."

माईंनी आतून तबक आणलं, आईच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "कालच विचारलं मी. तिचं म्हणणं, हे गेले, आता इथं माझा जीव लागत नाही. भावाकडे नेऊन सोडा. मीच समजावत होते, राहा म्हणून."

"बघा," श्रीधर म्हणाला, "तिचीच इच्छा आहे तर प्रश्नच खतम."

आई दाराजवळ तबक धरून उभी होती. कपाळ मोकळं, पांढरी साडी, आणि ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, ओठ हलताना. तिच्याबद्दल चाललंय हे तिला कळत होतं. काय चाललंय हे कळत नव्हतं. मी आतल्या दारात उभी होते. मी घाबरट मुलगी होते, चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. त्या दिवशी मी खोली ओलांडून गेले, आईच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि माईंसमोर धरलं. माईंनी ते घेतलं. सवयीनं घेतलं, पाहुण्यांसमोर कुणी तबक पुढं केलं तर हात आपोआप पुढे येतात. मग मी पाय आपटला. खालच्या भाभींची सून म्हणे त्या आवाजानं दचकून उठली.

मी आईला हातांनी सांगितलं: मामा विचारतात. तू, मानपुर, जाशील? इथलं सोडून?

आईनं मामांकडे पाहिलं, मग माईंकडे, मग ती खाली बसली आणि तिनं जमिनीवर तळवा थोपटला. दोनदा. इतक्या जोरात की वाट्यांतल्या लवंगा हलल्या.

माई 'ती म्हणते' असं सांगत आल्या होत्या. मी तसं केलं नाही. मी आईच्या जागी बोलले. "मी कुठेही जाणार नाही. हे माझं घर आहे. माझा नवरा इथे राहत होता, माझी मुलगी इथे आहे."

"कुमे!" माई म्हणाल्या. "तुला काय कळतं त्यातलं? बस खाली."

मी तेही आईला सांगितलं. किल्ल्या म्हणतात, मुलीला काय कळतं, बस. आईचे डोळे मोठे झाले. तिच्यासमोर बोललेलं वाक्य जसंच्या तसं तिच्यापर्यंत आयुष्यात पहिल्यांदा पोहोचलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिचे हात सुटले. मी भाषांतर करत गेले. काहीही मऊ केलं नाही, काहीही गाळलं नाही. "मी हिरवी साडी मागत होते. दरवर्षी मागत होते. मला का मिळाली नाही? मी हसले की ही मला मारते. हे गेले त्या दिवशी मी यांच्या पायाशी शेवटचं बसले तेव्हा हिनं मला उठवून चहा करायला पाठवलं." मामांनी मान खाली घातली होती.

"अरे यार, हे काय आता," श्रीधर पुटपुटला. मी तेही सांगितलं.

मग आईनं हवेत पत्ते वाटले. एक, एक, एक. मी थांबले. मला पटकन कळलं नाही, आणि मग कळलं. "त्या कार्डांच्या बाई आल्या होत्या," मी म्हटलं. "मी हो म्हटलं होतं. मी रोज तयार होऊन बसत होते. त्या परत आल्या नाहीत. मी 'घर' बरोबर ओळखलं होतं. मला अक्कल नाही असं त्यांना का वाटलं?"

इतकी वर्षं ती हे धरून बसली होती. तिला वाटत होतं, बाईंनी तिला तपासलं आणि नापास केलं. मी आईसमोर बसले आणि माई त्या दिवशी काय म्हणाल्या ते तिला हातांनी सांगितलं. तू म्हणतेस, शिकायचं नाही. किल्ल्यांनी सांगितलं. बाई म्हणून आल्या नाहीत. आणि तेच मग मी मोठ्यानं मराठीत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

माई म्हणाल्या, "घर कुणी सांभाळलं असतं? मी... सगळं मीच केलं ना या घराचं?" खोटं आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत.

आई उठली. ती रडली नाही. ती माईंसमोर जाऊन उभी राहिली, आणि त्यांच्या कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा तिनं ओढून काढला. माईंना तिचा हात धरता आला असता. पण त्यांच्या दोन्ही हातांत तबक होतं, आणि पाहुण्यांसमोर सुपारी जमिनीवर सांडू देणाऱ्या त्या नव्हत्या. जन्मभर पाळलेला नीटनेटकेपणा त्यांना नडला. त्या तशाच उभ्या राहिल्या, तबक धरून, तोंड अर्धवट उघडं. तो चेहरा मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते, आणि आणते. इतर लोक जपमाळ ओढतात.

आई इंदूरलाच राहिली. माईही राहिल्या, त्या कुठे जाणार? त्यांना आम्ही घासातला घास दिला, भुट्ट्याचा कीस केला की पहिली वाटी त्यांना जाई, दुखलं-खुपलं पाहिलं. फक्त आता पाहुणे आले की आई तबक भरून माईंच्या हातात देई. त्या ते फिरवत. भजनाला जाणं त्यांनी हळूहळू सोडलं. मी आईला अक्षरं शिकवायला बसले, ती मन लावून शिकली, पण कुठेतरी उशीर झाला होता. स्वतःचं नाव आणि 'घर' हे दोन शब्द तिला येत, त्यापलीकडे ओळ जमेना. ज्या वयात शिकता आलं असतं ते वय दाराशी बसण्यात गेलं होतं. मी पुढे शिकले, कॉलेजात शिकवायला लागले, पुस्तकं लिहिली, आणि माझ्या आईनं त्यातलं एक वाक्यही वाचलं नाही. हे पान ती वाचू शकली असती. हिशेब मांडायचाच तर इथून मांडावा.

मी नोकरीला लागले त्याच सुमारास माईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, तो गोड आवाज पूर्ण गेला. डोकं मात्र शाबूत होतं, डोळे सगळं समजत होते. आई त्यांना भरवी, पुसून काढी. कामात तिनं कधी कसर केली नाही. मग एका सकाळी बेटम्याहून श्रीधर जीप घेऊन आला, बरोबर त्याची बायको.

"ताईजी, बहुत केलं तुम्ही," तो मला म्हणाला. "आता काकू आमच्या घरची. लोकं आम्हाला नावं ठेवतात. मागची पडवी साफ करून ठेवलीय, हवा चांगली आहे तिथं."

मागची पडवी. मी माईंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा डावा हात पलंगावरून खाली घसरला, बोटं जमिनीला टेकली, आणि त्यांनी तळवा फळीवर थोपटला. एकदा. दम घेऊन पुन्हा एकदा. त्यांची नजर आईवर होती, फक्त आईवर. त्या खोलीत माईंशिवाय ती भाषा समजणारी दोनच माणसं होती.

"काकू काही म्हणतायत का?" श्रीधरच्या बायकोनं विचारलं. "काय म्हणतायत हो?"

फळीतला तो धक्का आईच्या तळव्यांना लागला असणार. ती माईंच्या हाताकडे बघत होती. थोपटणं पुन्हा सुरू झालं. आई वळली, तिनं भिंतीतल्या फडताळातून तबक काढलं. ते रिकामंच होतं, तिनं त्यात काही मांडलं नाही. ते तिनं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं आणि दाराजवळ, तिच्या जुन्या जागेवर, जाऊन उभी राहिली.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आईची दुभाषी. त्या घरात मी तिचंच बोलणं सांगत आले होते, आणि आईचे हात भरलेले होते. आई काही बोललीच नव्हती, तर मी काय सांगणार?

श्रीधरनं आणि ड्रायव्हरनं माईंना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. आम्ही दोघी गॅलरीत उभ्या होतो. जीप सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी गेली, धार रोडकडे वळली. मागच्या काचेतून माईंचा डावा हात दिसत होता, सीटवर पडत, उठत, पडत.

जीप दिसेनाशी होईपर्यंत आईनं तबक खाली ठेवलं नाही.